धोंड्यातला रुसवा

मला पाहिलं आणि मामींनी तोंडाला पदर लावला.

"वैजे," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोटाला घालत न्हाईस का गं पाव्हण्यांना?"

मी नुकताच जीपमधून उतरून पिशवी खाली ठेवत होतो. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई गुंड, मुक्काम निंबाळवाडी, तालुका बार्शी. आमच्याकडे सासूला मामी आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण मामी माझ्याशी थेट कधी बोलल्या नव्हत्या. जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. जे सांगायचं ते त्या लेकीला सांगत, मामांना सांगत आणि जवळ कुणीच नसलं तर म्हशीला सांगत. "पाव्हण्यांचा चहा निवायला लागला की गं," असं म्हशीला सांगताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"अगं आई, मुद्दाम कमी केलंय वजन. डॉक्टरनं सांगितलंय," वैजयंता म्हणाली.

"मुद्दाम कोण वाळतंय का? गेल्या साली कसं भरल्यागत अंग होतं. आता बघ, शर्टात माणूस हुडकावा लागतोय. लोक काय म्हणतील, गुंडाच्या पोरीनं नवरा उपाशी मारला!"

शर्टातल्या त्या माणसाचं वजन पंच्याऐंशी किलो होतं. तीन महिन्यांपूर्वी ते एक्क्याण्णव होतं.

मी सोलापूरला झेडपीत क्लार्क. आठ तास खुर्ची, दोन तास भजी. फेब्रुवारीत ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं, त्यातून सोनोग्राफी निघाली आणि सोनोग्राफीतून फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड टू. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला खमक्या.

"दारू?" त्यांनी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही," मी छाती काढून म्हणालो.

"गोड?"

छाती आत गेली.

"हे बघा, लिव्हरवर चरबी साठली आहे. आत्ता सावरलात तर ती उतरते. अशीच आणखी काही वर्षं काढलीत तर लिव्हर कडक होत जाईल, आणि ते झाल्यावर माझ्याकडे येऊन फारसा उपयोग नाही. रोज पाऊण तास भरभर चालायचं. साखर, मैदा, तळलेलं बंद. सहा महिन्यांत आठ किलो कमी करा आणि मग परत फोटो काढू."

"आणि औषध?"

"तेच तर सांगितलं."

मी घाबरलो. उगीच आडपडदा कशाला, चांगलाच घाबरलो. माझे थोरले चुलते माळकरी होते, दारूच्या वाऱ्याला कधी उभे राहिले नाहीत, आणि पोटात पाणी होऊन बावन्नाव्या वर्षी गेले. तेव्हा गावानं त्यांच्यामागे काय काय बोलून घेतलं तेही मी ऐकलं होतं. मी त्रेचाळीसचा होतो.

म्हणून चालायला लागलो आणि चहातली साखर सोडली. पण मला माझा स्वभाव ठाऊक होता. याआधी चार वेळा मी असे नेम धरले होते आणि चारही वेळा ते 'एका दिवसानं काय होतंय' या वाक्यापाशी मोडले होते. माझा हात एकदा ताटात सैल सुटला की पुढच्या गुरुवारपर्यंत परत येत नाही. तीन महिने कसेबसे निभावले होते, तीन राहिले होते. आणि नेमका अधिक महिना आला.

अधिकात जावयाला बोलावून धोंडे खायला घालतात. पुरण भरलेले, तुपात न्हालेले धोंडे. शिवाय तांब्याच्या ताटात तेहतीस अनारशांचं वाण. तीन वर्षांनी एकदा येणारा मान, त्यात यंदा अधिक ज्येष्ठातला, म्हणजे आमरसही ठरलेला. नाही म्हणणं म्हणजे सासरच्या तोंडावर दार लावण्यासारखं. निघताना वैजयंता म्हणाली होती, "तुम्ही खाल्लं तर तुमच्या लिव्हरचं वाटोळं आणि न खाल्लं तर माझ्या माहेराचं. काय ते ठरवा." मी काहीच ठरवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मामांनी मला गोठ्यामागं नेलं. मामा दणकट, मिशीवाले, आवाज ग्रामपंचायतीच्या भोंग्याएवढा. तो आवाज त्यांनी जमेल तेवढा खाली आणला.

"किती घेता?"

"काय?"

"वैजीनं सांगितलं, लिव्हरचं झालंय. लिव्हर कशानं जातंय ते आम्हाला कळतं ओ. लाजू नका. मी काय परका हाय का?"

"मामा, मी पीत नाही."

"मीबी असंच सांगत होतो माझ्या सासऱ्याला," मामा मायेनं म्हणाले. "बरं असू द्या. उद्या दोन धोंडे जास्त खावा. तुपानं दारू मारती."

माझे साडू बजरंगराव ट्रॅक्टरच्या शोरूमला होते. एका बैठकीत चौदा धोंडे हा त्यांचा मागच्या अधिकातला विक्रम. ते ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. "दादा, चरबी चढली म्हणा की अंगात!" एवढं बोलून ते पोट धरून हसले. हसायला पोटही ऐसपैस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी चालायला बाहेर पडलो. मे महिना, सात वाजले की निंबाळवाडीत तवा तापतो. मी कॅनॉलच्या रस्त्याला लागलो. थोडं अंतर गेलो आणि मागून पावलं ऐकू यायला लागली. मी थांबलो की ती थांबत. मी निघालो की निघत. वळून पाहिलं तर दहा-बारा पावलांवर मामी. हातात हळदीकुंकवाचं ताट, डोक्यावरून पदर, नजर बाजूच्या शेतात.

मला वाटलं, मी पहाटे उठून कुठं पितो हे बघायला मामांनी धाडलं असणार. रागच आला. मी भरभर चालायला लागलो, तर त्याही भरभर. आणखी वेग वाढवला, तर मागून बांगड्यांचा आवाज आणि धाप. जावई पुढं पळतोय, सासू ताट सावरत मागं पळतेय, हे कुणी पाहिलं असतं तर पंचक्रोशीला महिनाभराचं खाद्य झालं असतं. शेवटी मीच थांबलो.

"मामी, देवळात निघालात का? महादेव तर मागं राहिला."

मामींनी इकडंतिकडं पाहिलं. लेक नव्हती, मामा नव्हते, म्हैससुद्धा नव्हती. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती. मामी तिच्याकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"पाव्हण्यांना इचारायचं हुतं," त्या बाभळीला म्हणाल्या, "चालून खरंच उतरतंय का काळजावरचं?"

"डॉक्टर तर म्हणतात उतरतं. माझं सहा किलो उतरलंय. आत किती उतरलं ते ऑगस्टात कळेल. का हो?"

ताटातलं कुंकू वाऱ्यानं उडत होतं, त्यावर मामींनी हात धरला.

"मलाबी हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं दोन नंबरचं हाय न्हवं? माझंबी दोन नंबरचं."

"कधी कळलं?"

"गेल्या दिवाळीत कुशीत दुखत हुतं म्हणून शेजारच्या थोरातबाईसंगं बार्शीला गेल्ते. त्या पोरानं पोटावर थंडगार काय तरी लावून फोटू काढला. म्हणला, आजी, दारू पिता का? म्या म्हणलं, तुझ्या आजीला जाऊन इचार."

मला हसू आलं, आणि ते आल्याची लाजही वाटली. मामी अंगानं किडकिडीत. हातपाय काड्या, फक्त पोट तेवढं पुढं. या बाईला असं काही असेल हे कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही. पण त्यांचं ताट कुणी पाहिलं होतं? आम्ही चौदा वर्षं सणाला यायचो, जेवायचो, ढेकर द्यायचो आणि ओट्यावर जाऊन बसायचो. मामी शेवटी जेवायच्या. उरलेलं पुरण, खालची साय, परत आलेल्या पोळ्या. टाकवत नाही म्हणून.

"घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुमच्या मामांना सांगितलं तर म्हणतील, हिला काय धाड भरलीय. पोरीला सांगितलं तर ती रडत बसंल. तुमीबी सांगू नका, माझ्या गळ्याची आण हाय." बाभळीकडे बघत त्यांनी गळ्याला हात लावला. "डाक्टर म्हणला, रोज चाला. कुठं चालू? पैलं तांब्या घेऊन निघालं की लांब वढ्यापातुर जाऊन यावं, कोण इचारत नव्हतं. आता घरात संडास झाला, तेवढंबी चालणं गेलं. गावात बाईमाणूस बिनकामाचं चालत निघालं तर दहा जण इचारत्यात, कुठं निघालीस, कुणासंगं भांडलीस. ताट घेऊन निघावं, तर महादेव शंभर पावलांवर हाय. किती येळा जाऊ? परवा पुजारी म्हणला, आजी, काय पाप केलंय?"

मी या बाईच्या हातचे धोंडे कसे चुकवायचे याचा आठवडाभर विचार करत होतो.

"मग मला खायचा आग्रह कशाला करता?"

"वाण तेवढं घ्या. खाऊ नका. पण चार माणसांत नगं म्हणू नका. माझ्या पोरीला बोल लागतो." मग त्या बाभळीला म्हणाल्या, "चला म्हणावं आता, दूध तापवायचं हाय," आणि माघारी वळल्या. मी पुढं, त्या मागं, असे आम्ही घरी आलो. मामा ओट्यावर मंजन घासत होते.

"एवढ्या येळ कुठं गेल्तीस?" त्यांनी विचारलं.

"देवाला," मामी म्हणाल्या.

दुपारी पंगत बसली. भावकीतली सात-आठ माणसं, मामा, मध्ये दोन पाट जावयांचे. बजरंगरावांनी पट्टा आधीच सैल केला होता. ताटात धोंडे आले, त्यांवर तूप आलं, वाटीत आमरस आला. मग मामींनी वाण आणलं. लखलखीत तांब्याच्या ताटात खसखस लावलेले तेहतीस अनारसे, मध्ये निरांजन. मी हात जोडून वाण घेतलं. अनारशांचा वास नाकातून थेट माझ्या तीन महिन्यांच्या नेमावर गेला. बजरंगरावांचा पहिला धोंडा गेला, दुसरा गेला. मी ताटाकडे बघत बसलो. नको म्हणायचं नाही, हे कबूल केलं होतं. खायचं नाही, हेही स्वतःशी ठरवलं होतं. मग करायचं काय, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून मी काहीच केलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

हळूहळू पंगत थबकली. एकेकाचा घास हातात राहिला. भावकीतले एक म्हातारे माझ्याकडे बघत मामांना म्हणाले, "नाना, अहो, जावई रुसला!"

"रुसला!" सगळ्यांनी एकदम म्हटलं. खरं सांगतो, त्या आवाजात आनंद होता. रुसणारा जावई म्हणजे पंगतीची शोभा. आमच्याकडे जावई ताटावर रुसला की त्यानं मागितलेलं द्यावं लागतं, नाहीतर सासऱ्याची अब्रू जाते. मी चौदा वर्षांत एकदाही रुसलो नव्हतो. त्यावरून मामा म्हणे लोकांत मला जरा कमीच समजत.

"बोला अरविंदराव, काय पाहिजे?" मामांनी मिशीवरून हात फिरवला. "अंगठी सांगा."

"दादा, बुलेट मागा, बुलेट!" बजरंगरावांनी तोंडातल्या घासासकट सल्ला दिला.

मी सांगणार होतो, मी रुसलो नाही, मला पथ्य आहे. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी मामी दिसल्या. एका हातात तुपाचं भांडं, दुसरा हात कुशीवर दाबलेला. त्या माझ्याकडेच बघत होत्या. जीव घाबरा झालेलं माणूस दिसतं तशा दिसत होत्या. आता हा नको म्हणणार आणि चार माणसांत माझी पोर उघडी पडणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. मामींच्या लिव्हरचा त्या घरात कुणी विचार करत नव्हतं, मामी धरून.

"हो," मी म्हणालो. "मी रुसलोय."

वैजयंतानं दारामागून कपाळाला हात लावला.

"आणि अंगठी नको. बुलेटही नको. मामींनी रोज सकाळी पाऊण तास चालायला जायचं. रोज. कॅनॉलपर्यंत आणि परत."

पंगतीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण पडली ती बजरंगरावांच्या हातातली आमरसाची वाटी.

"हे कसलं मागणं?" मामा म्हणाले.

"जावयाचं."

"अहो पण कशापायी?"

"रुसव्याला कारण विचारतात का मामा?"

मामांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हातारे गंभीर झाले. त्यांनी बराच विचार करून निवाडा दिला, "न्हाई. इचारत न्हाईत."

माझी भीड आता चेपली होती. "आणखी एक. मामी आत्ता, या पंगतीला, माझ्या शेजारी बसून जेवतील. माझ्या ताटात जे वाढाल तेच त्यांच्या ताटात. भाकरी, शेवग्याची भाजी, मटकी, ताक. आणि हे रोज. शेवटी उरलेलं नाही खायचं. त्याशिवाय मी इथं घास घेणार नाही आणि दिवाळीला वैजूलाही पाठवणार नाही."

शेवटचं वाक्य मी जोशात बोलून गेलो. वैजयंतानं त्याचा हिशोब परतीच्या जीपमध्ये चुकता केला, पण तो वेगळा विषय.

"जावयाशेजारी सासू?" एक काकी पुटपुटल्या.

मामा लाल झाले होते. मला वाटलं, आता भोंगा वाजणार. पण पंगत त्यांच्याकडे बघत होती, आणि अंगठी द्यायला कबूल झालेला माणूस आता चालायला नाही कसा म्हणणार? "ये गं," ते दाराकडे बघून ओरडले. "बस. पाव्हणं रुसल्यात, मला काय बोलू नकोस."

मामी आल्या. माझ्या शेजारी, पण तोंड भिंतीकडे करून बसल्या. चाळीस वर्षांत त्या घरात त्या पहिल्या पंगतीला बसल्या नव्हत्या. गरम भाकरी ताटात पडली, तिच्याकडे त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग भिंतीला म्हणाल्या, "घ्या म्हणावं आता. निवती."

मी जेवलो. अर्धा धोंडा खाल्ला आणि एक अनारसा. खोटं कशाला सांगू? उरलेले बत्तीस सोमवारी ऑफिसात वाटले. आणि या खेपेला हात तेवढ्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या आधी, पहाटे साडेपाचला मामी चालायला निघाल्या. हातात ताट नव्हतं. पायांत मामांच्या जुन्या चपला होत्या, कारण त्यांच्या स्वतःच्या चपला चालण्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. मी ओट्यावर बूट बांधत होतो. थोरातबाई अंगण झाडत होत्या.

"सगुणे, सकाळच्या पारी कुठं गं?"

मामींनी असा खोल सुस्कारा टाकला की जणू डोंगर उचलायला निघाल्या होत्या.

"काय करायचं बाई! जावई रुसलाय. म्हणतो, रोज चालायचं. धोंड्यातला रुसवा, मोडता येतो व्हय?"

"अगं बाई! असला कसला जावई?"

"बघ की. नशीब माझं," मामी म्हणाल्या, आणि झपाझप चालू लागल्या.

याला आता चार वर्षं झाली. ऑगस्टात माझं वजन ब्याऐंशी भरलं. ग्रेड एक झाला, पुढच्या वर्षी तोही गेला. डॉक्टरबाई खूश झाल्या आणि मी ते सोनोग्राफीचे कागद चुलत्यांच्या फोटोमागे ठेवून दिले. निंबाळवाडीत कॅनॉलच्या रस्त्याला आता सकाळी पाच-सहा बाया चालतात. कुणी विचारलं तर सांगतात, सगुणाबाईचा जावई रुसलाय, तिला सोबत म्हणून निघालोय.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. मामी चालायला जातात म्हणून सकाळचा चहा त्यांना स्वतः करून घ्यावा लागतो. ते वैतागले होते.

"अरविंदराव, चार वर्षं झाली ओ. किती दिवस रुसायचं माणसानं? काय पाहिजे ते मागा, अंगठी घ्या, पण आता सोडा."

मी काही बोलणार, तोवर तिकडं खुडबुड झाली. फोन कुणीतरी ओढून घेतला. मग मामींचा आवाज आला, अगदी हळू, मामांना ऐकू जाऊ नये एवढा.

"काल बार्शीला जाऊन आले. दोनावरनं एकावर आलंय," मामी म्हणाल्या. "एवढ्यात रुसवा सोडू नका."